केर

विट्यात रात्री अकरानंतरही माग चालू असतात,
खिडकीची सैल काच त्यांच्या ठेक्यात थरथरत राहते.
नेटची वायर मी उपसून ठेवली आहे.
कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये –
ओबडधोबड अक्षरं, काळा पडदा,
दागिने उतरवून ऑपरेशनला नेतात तसा.

नाना मागे स्टुलावर.
एकतीस वर्षं कोईमतूरला गलाई केली त्यांनी,
तेजाबानं पिवळी पडलेली नखं अजून तशीच.
"निघालं का?"
"निघालं म्हणेपर्यंत परत येतंय."

दोघं आहेत ते.
एकाला मारावं तर दुसरा त्याला उठवतो,
दुसऱ्याकडे वळावं
तर पहिला डोळे चोळत हजर.
नावं सिस्टीमचीच वाटावीत अशी,
एखादंच अक्षर इकडचं तिकडं.
लग्नाच्या पंगतीत फेटा बांधून बसलेला परका,
वाढणाराही विचारत नाही, कुणाकडचा म्हणून.

अश्फाक मुल्ला दुकानात म्हणाला होता,
"ताई, फॉरमॅट मारा, कशाला जीव काढताय."
पण आत नानांचं लिहिणं आहे,
'माझी गलाई', पानं एकशे बारा,
दोन बोटांनी, दुपारच्या झोपा मोडून लिहिलेलं.

"चांदी सोन्याला सहजी सोडत नाही," नाना म्हणतात.
"तेजाबात घालायची. उकळायची. बघत बसायचं.
मध्ये ढवळायचं नाही, पोरी."
मी ढवळत नाही.
फाइली तारखेवार लावते.
चौदा ऑक्टोबर, दुपारी दोन वाजून सात मिनिटं:
एकाच मिनिटात अकरा फाइली जन्मल्या.
त्यांच्यासोबत एक मराठी फॉन्ट. फुकट.
"हा तुम्ही घेतलात?"
"अक्षर चांगलं होतं," नाना म्हणतात.

मग एकदमच दोघांच्या मुळाशी हात जातो.
दहा फाइली गेल्या. चालू करून बघते,
बंद करून परत चालू करते.
येत नाहीत.

अकरावी राहिली.
उघडली तर रोमन अक्षरांचा नुसता चुरा.
नानांचा फॉन्ट लावला
आणि चुऱ्यातून मराठी वर आलं.
दाबलेली प्रत्येक कळ. जशीच्या तशी.
खोडलेलीसुद्धा.

पान चाळीसला नानांनी ठेवलंय:
'सदाशिव सोळा वर्षांचा होता. हवा मानवली नाही, गावी गेला.'
इथे, अकराव्या फाइलीत,
सदाशिव बारा वर्षांचा होता.
मागे, मागे, मागे.
तेरा वर्षांचा होता.
मागे.
भट्टीच्या धुरानं त्याला रक्त
मागे
त्याच्या आईला मी सांगितलं की
मागे, मागे, मागे, मागे,
पूर्ण एक ओळ नुसतं मागे.
मग दोन वाजून चाळीस ते सव्वातीन, एकही कळ नाही.
मग 'सोळा'.

सदाशिवची आई खानापूरला बाजारात भेटायची,
मला चिंचा द्यायची, पैसे घ्यायची नाही.
नानांचं नाव कधी काढायची नाही.

बाण फाइलीवर ठेवून मी बसले आहे.
एक बटण. कुणालाच कळणार नाही,
नाहीतरी ज्यानं हे चोरून टिपलं
त्याला पाहिजे होता बँकेचा पासवर्ड,
त्याच्या लेखी हा सगळा कचराच.

"काय राहिलंय अजून?"
नाना चष्म्याशिवाय पडद्याकडे बघतात.
त्यांना या अंतरावरून काही दिसत नाही, असं मी धरून चालले आहे.
"काही नाही. केर."

बाहेर एक माग थांबला, धागा तुटला असेल.
नाना बराच वेळ बोलत नाहीत.
"सराफाच्या दुकानातला केर
आम्ही पोत्यानं विकत घ्यायचो," मग म्हणतात.
"झाडू मारलेला, पायाखालचा.
पायपुसणंसुद्धा जाळून बघायचो."

माग पुन्हा सुरू झाला.
"चष्मा दे माझा," नाना म्हणाले,
आणि स्टूल पुढे ओढलं.